बरोबरीची जोड

सामना शनिवारी असतो. ज्यांना खेळ कळतो ती माणसं मंगळवारी येतात आणि गुरुवारी संध्याकाळी निघूनही जातात.

आमच्या गल्लीतल्या कोचनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. कोच म्हणजे हायस्कूलच्या पोरांना आयुष्यभर अमेरिकन फुटबॉल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यातही लाइनमनचे कोच, म्हणजे ज्या धिप्पाड पोरांच्या हातात चेंडू कधी येतच नाही त्यांचे. टेक्सासात एकदा कोच झालेला माणूस मरेपर्यंत कोचच राहतो. त्यांची बायकोसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारते. मला या खेळातलं जे काही थोडंफार कळतं ते त्यांच्या शेजारी उभं राहून कळलं, त्यामुळे पुढे मी काही शहाणपणाचं बोलले तर ते त्यांचं समजावं.

सॅन अँटोनियोत दर जानेवारीत ऑल-अमेरिकन बाउल भरतो. देशभरातल्या हायस्कुलांमधली शेवटच्या वर्षाची शंभरेक पोरं निवडायची, पूर्व आणि पश्चिम असे दोन संघ करायचे, आठवडाभर सराव घ्यायचा आणि शनिवारी अलामोडोममध्ये टीव्हीसमोर सामना लावायचा. २००० साली हा प्रकार डॅलसला सुरू झाला, २००२ पासून आमच्या गावात आहे. मध्ये २०२१ चा सामना कोविडने खाल्ला. असाच दुसरा मेळा अंडर आर्मर कंपनीच्या नावाने फ्लोरिडात भरतो, आणि २०१७ पासून तिसरा होनोलुलूला, पॉलिनेशियन बाउल. व्हिन्स यंग, एड्रियन पीटरसन, टिम टीबो हे पुढे नामवंत झालेले सगळे खेळाडू शाळकरी वयात आमच्याकडे येऊन खेळून गेलेत. अलामोडोमच्या चार कोपऱ्यांवर चार उंच मनोरे आहेत आणि त्यांना बांधलेल्या दोरखंडांनी छत तोललेलं आहे. हायवेवरून जाताना बांधकाम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं. नवीन आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, हे पुरं कधी होणार? ते १९९३ सालीच पुरं झालंय.

सामना तसा लुटुपुटीचाच. चार दिवसांपूर्वी एकमेकांची नावं न ऐकलेली पोरं, मोजके डावपेच, आणि सगळ्यांच्या आईबापांनी विमानाची तिकिटं काढलेली, म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं खेळवायचं. बचाव फळीने काय करायचं नाही याचेही नियम ठरलेले असतात. तेव्हा शनिवारी कोण जिंकलं हे सोमवारी कोणाला आठवत नाही, आणि त्यात काही चूकही नाही.

सरावाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात. त्यांच्यातून वेचलेल्या शंभरांपैकी एक म्हणजे काय, हे त्याच्या शाळेच्या सामन्यांवरून फारसं कळत नाही. एखाद्या शाळेचा डावा टॅकल घ्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याला सांभाळणारा लाइनमन. सहा फूट पाच इंच, वजन दीडशे किलोच्या आसपास. दर शुक्रवारी रात्री तो ज्याच्यासमोर उभा राहिला तो पोरगा ऐंशी किलोचा, पुढे दातांचा डॉक्टर होणार किंवा बापाच्या एसी दुरुस्तीच्या धंद्यात जाणार. आमच्या गड्याने नुसतं अंग टाकलं तरी समोरचा आडवा. हडल या संकेतस्थळावर त्याच्या चित्रफिती बघा, सगळ्या सारख्या: धडक, समोरचा उताणा, गॅलरीत आरडाओरडा. त्यातून एवढंच सिद्ध होतं की मोठं माणूस लहान माणसाला पाडू शकतं.

मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे जत्रेच्या मैदानात कुस्त्या लागायच्या तेव्हा माझे आजोबा कुस्तीपेक्षा जोड लावताना बघण्यात जास्त रमायचे. पंच दोन्ही पोरांना शेजारी उभं करायचे, खांदे बघायचे, मान बघायचे, कोणी तरी ओरडायचं "जोड चुकतीय, पोरगं हलकं हाय", मग एकाला मागे सारून दुसरा पुढे. आजोबा म्हणायचे, जोड बरोबरीची लागली की पुढचं बघायला डोळे पुरत नाहीत, नाही लागली तर चहा प्यायला जावं. हायस्कूलच्या फुटबॉलमध्ये या टॅकलची जोड चार वर्षांत एकदाही लागलेली नसते. ती पहिल्यांदा लागते ती इथे, मंगळवारी सकाळी, एका शाळेच्या मैदानावर, कुंपणापाशी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आज्यांसमोर.

मैदानाच्या एका कडेला कमरेच्या वर येईल अशी डमी उभी करतात. ती क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. तिच्यापुढे काही पावलांवर टॅकल, त्याच्यासमोर डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. बाकीची पोरं दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभी राहून बोळ करतात. चेंडू हलला की एंडने डमीपर्यंत पोचायचं, टॅकलने पोचू द्यायचं नाही. तीन सेकंद, फार तर चार. याला वन-ऑन-वन म्हणतात.

पहिल्यांदा बघताना मला फक्त हेल्मेट आपटल्याचा आवाज कळला. कोच म्हणाले, "चेहऱ्यांकडे बघू नका. पाय बघा, मग हात बघा." टॅकल मागे मागे सरकत जातो. बाहेरचा पाय आधी, आतला त्याच्यामागे गवताला घासत, बूड खाली, पाठ सरळ, हात छातीपाशी तयार. पाय एकमेकांत आले की संपलं. एंड अंगावर येतो आणि टॅकलचे दोन्ही तळवे एकदम सुटतात, समोरच्याच्या छातीवर, खांद्याच्या पॅडच्या कडेखाली. लवकर सुटले तर एंड ते झटकून बाजूने निघून जातो. उशिरा सुटले तर तोच आधी छातीत घुसतो आणि दीडशे किलोचा देह उचलल्यासारखा मागे जातो. या दोहोंमधलं अंतर डोळ्याची पापणी लवायला लागतं तेवढंच. शाळेत उशीर झाला तरी चालून जायचं, कारण समोर दातांचा डॉक्टर होता.

त्या सकाळी कुठल्याशा लहान गावाहून आलेला एक टॅकल पहिल्याच फेरीत असा मागे गेला की डमीसकट पडला. बोळातली पोरं खिदळली. काठावरच्या माणसांचे फोन उभे होतेच. ही माणसं कॉलेजचे कोच नव्हेत, रिक्रूटिंगच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळाडू-भरतीच्या, संकेतस्थळांचे वार्ताहर आणि विश्लेषक: २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन. ती आठ सेकंदांची फीत त्या पोराच्या अंगावरची माती झटकून व्हायच्या आत जगभर गेली असणार. सतरा-अठराचं वय. आपण त्या वयात तोंडी परीक्षेत अडखळलो तर वर्गातले चाळीस जण बघायचे, आणि तेही पुढच्या तासाला विसरायचे.

मला त्याच्याकडे बघवेना. कोचना मात्र भलताच उत्साह. तो पोरगा रांगेच्या शेवटी गेला आणि ज्याने पाडलं त्याच्याशीच बोलायला लागला. दोघांचेही हात हवेत चाललेले, हा असा आलास, मी इथे होतो, मग? एंडने त्याचं मनगट धरून थोडं खाली केलं. दुसऱ्या फेरीतही टॅकल हरला, पण उभ्याने हरला. तिसऱ्यांदा एंड अर्ध्या वाटेत अडकला, घुटमळला, शिट्टी झाली. बोळातून कोणी फारसं ओरडलं नाही, फोनही खाली होते, कारण अडवण्यात बघण्यासारखं काही नसतं. कोचनी मात्र वहीत काही तरी लिहिलं. निवृत्त झाल्यावर वही कशाला हवी, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

या सरावात कोणी बाजी मारली हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हा खेळ मुळातच एका बाजूला झुकलेला आहे. खऱ्या सामन्यात एंडला माहीत नसतं की आता पास येतोय, म्हणजे चेंडू फेकणार, की घेऊन धावणार. इथे ठाऊक असतं, पासच. सामन्यात टॅकलच्या शेजारी गार्ड हा दुसरा लाइनमन असतो, आतल्या बाजूची काळजी वाटून घेता येते. इथे तो एकटा आणि एंडला दोन्ही बाजू मोकळ्या. म्हणून एंड जिंकला तर थोडं कौतुक, टॅकल जिंकला तर पुष्कळ. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पास झेलणारा रिसीव्हर आणि त्याला रोखणारा कॉर्नरबॅक यांचं तसंच. क्वार्टरबॅकच्या अंगावर कोणी धावून येत नाही, त्याला हवा तेवढा वेळ, रिसीव्हरला हवी तेवढी जागा. उडी मारून एका हाताने झेललेल्या चेंडूवर सगळे वेडे होतात. त्या दहा झेलांपेक्षा एखाद्या कॉर्नरने गपचूप बोटाने ढकललेला एक चेंडू महाग. पण "आज चमकले" अशा याद्यांमध्ये नेहमी रिसीव्हर आणि एंड यांचीच गर्दी, लाइनवाल्यांना शेवटची ओळ. कोचचं हे दुखणं जुनं आहे आणि मला ते पटतं.

पाणी प्यायच्या सुटीत एक पोरगा कुंपणापाशी आला. त्याची दहाही बोटं पांढऱ्या टेपने गुंडाळलेली, सांधे वळेनात, बाटलीचं झाकण काही केल्या फिरेना. त्याने बाटली माझ्यापुढे धरली. "प्लीज, मॅम." मी उघडून दिली. "थँक यू, मॅम." माझं डोकं त्याच्या बरगडीपाशी येत होतं. पलीकडच्या खुर्चीतून त्याची आई ओरडली, जॅकेट घाल म्हणून. त्याने घातलं नाही. आमच्याकडे जानेवारीत एक दिवस शर्टाच्या बाह्या दुमडाव्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटून कान दुखतात. तो वाऱ्याचा दिवस होता. आई खरंच बरोबर सांगत होती.

आल्या आल्या या मुलांची मापं घेतात. उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत, वजन, दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत, आणि पंजा: अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणून. शाळेच्या कागदावर सहा फूट चार असलेला मुलगा इथे सहा फूट दोन-अडीच निघणं ही नित्याची गोष्ट. स्थळाच्या बायोडेटातली उंची जशी चपलेसकट असते, तसंच. इंचभर कमी भरल्याने खेळ बदलत नाही, पण लोकांचं मत बदलतं. क्वार्टरबॅक असेल तर पंजाकडे विशेष लक्ष. जो बरोचा पंजा २०२० साली एनएफएल या व्यावसायिक लीगच्या चाचणीत नऊ इंच भरला, म्हणजे लहान, तेव्हा केवढी चर्चा झाली. त्याने स्वतःच ट्विटरवर थट्टा केली की आता निवृत्तीच घ्यावी म्हणतो. दोन महिन्यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांमध्ये, त्याचाच नंबर पहिला लागला.

आणि ताऱ्यांविषयी. ही संकेतस्थळं प्रत्येक मुलाला दोन ते पाच तारे देतात. २४७स्पोर्ट्स दरवर्षी साधारण ३२ जणांना पाच तारे देतं, कारण एनएफएलच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात. म्हणजे पाच ताऱ्यांचा अर्थ: हा पोरगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाईल अशी आमची पैज. यावर लगेच जोश ॲलनची गोष्ट सांगितली जाते. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावचा शेतकऱ्याचा मुलगा, घरी कापूस आणि खरबुजं. एकही मोठं कॉलेज विचारेना, म्हणून आधी रीडली कॉलेज, मग वायोमिंग. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा आणि २०२४ च्या मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. नाही तर पॅट्रिक माहोम्स, आमच्याच टेक्सासातल्या व्हाइटहाउसचा, तीन तारे, आज तीन सुपर बाउल, म्हणजे एनएफएलच्या अंतिम लढती, जिंकलेला.

गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यावरून ताऱ्यांना हसणं मला जरा सोपं वाटतं. पाच ताऱ्यांची मुलं वर्षाला तिसेक. तीन ताऱ्यांची हजाराहून जास्त. हजारांतून एखादा माहोम्स निघाला तर नवल नाही, आणि त्याच्या बरोबरचे बाकीचे कुठे गेले हे कोणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नसतं. पाच ताऱ्यांपैकी एनएफएलपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. काठावरची माणसं बऱ्याचदा बरोबर असतात. ती चुकतात तेव्हा मात्र जोरात चुकतात. क्विन यूअर्स हे त्याचं उदाहरण. डॅलसजवळच्या साउथलेकचा क्वार्टरबॅक, गुणांकन पैकीच्या पैकी. २०२१ च्या १ जुलैला कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली, पण टेक्सासात शाळकरी मुलांना ती नव्हती. त्याने शाळेचं शेवटचं वर्ष सोडलं आणि थेट ओहायो स्टेट गाठलं, चौदा लाख डॉलरांच्या कराराच्या बातम्या आल्या. तिथे तो जवळजवळ खेळलाच नाही, मग परत येऊन टेक्सास विद्यापीठाकडून चांगला खेळला. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये २३१ वा. याला अपयश म्हणणारे लोक आहेत. एनएफएलच्या संघाने निवडलेला बावीस वर्षांचा करोडपती अपयशी ठरावा, तर आधीचा हिशोबच तपासायला हवा.

पैशाने या आठवड्याची चवच बदलली. पूर्वी मुलं फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी कॉलेजच्या कागदावर सही करायची, त्यामुळे जानेवारीच्या सरावात खरोखर काही ठरायचं बाकी असायचं. २०१७ पासून डिसेंबरात सह्या सुरू झाल्या, आता तर डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. २०२५ च्या जूनमधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. अनेक मुलांनी शाळा डिसेंबरातच संपवलेली असते आणि बाउल झाला की बॅगा घेऊन ती थेट कॉलेजात जातात. मग हा सराव कशासाठी? कोच म्हणतात, उरलेल्या एका ताऱ्यासाठी. शेवटची क्रमवारी यानंतर लागते. मला वाटतं, काही जण त्याहून साध्या कारणासाठी येत असावेत. आपल्याइतकंच चांगलं कोणी तरी आहे का, हे त्यांना बघायचं असतं. सगळे येत नाहीत हेही खरं. एजंट सांगतो, गुडघा सांभाळ.

सह्या आधी होऊ लागल्याने टोप्यांचा तमाशाही ओसरला. सामना चालू असताना मुलाला टेबलापाशी बसवायचे, समोर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या, बाजूला घरचे, समोर कॅमेरा. तो एक टोपी उचलून डोक्यावर घालायचा. २०१२ च्या जानेवारीत, फ्लोरिडातल्या सामन्यात, लुइझियानाच्या लँडन कॉलिन्सने अलाबामाची टोपी घेतली. शेजारी बसलेल्या आईला तो घराजवळच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात, म्हणजे एलएसयूत, जायला हवा होता. तिने मान हलवली, आणि माइक पुढे येताच एलएसयूच कसं योग्य ते सांगूनही टाकलं. देशभर तिला बोल लागले, मुलाचा क्षण नासवला म्हणून. ती फीत मी कितीदा तरी पाहिली आहे आणि दर वेळी मी आईच्या बाजूने असते. राष्ट्रीय टीव्हीवर खोटं हसायचं शिक्षण कोणी आईला देत नाही. कॉलिन्सचंही काही बिघडलं नाही, अलाबामाकडून खेळून तो २०१५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. बिघडलं असतं तर लोकांनी तिची माफी मागितली असती का, कोण जाणे.

मी माझ्या मुलाला फुटबॉल खेळू दिलं नाही, हे इथे सांगायला हवं. बॉस्टन विद्यापीठाने २०१७ साली एनएफएलच्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, सापडला. ते मेंदू त्रास होता म्हणूनच घरच्यांनी दिलेले होते, तेव्हा सरसकट तसंच असतं असं नाही. पण मला तेवढं पुरलं. तो शाळेच्या बँडमध्ये सूझाफोन वाजवायचा, आणि त्या पितळी अजगराखाली ऑगस्टच्या उन्हात कवायत करणं काही कमी नव्हतं. तरी मी दुसऱ्यांची मुलं बघायला थंडीत कुंपणापाशी उभी राहते, आणि हेल्मेटवर हेल्मेट आदळलं की आवाजाआधी मान वळते. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही. कोचना विचारलं तर ते म्हणाले, त्यांनाही नाही.

यंदा टेक्सासातल्या मंडळींपैकी कोणाला यायचं असेल, तर आधी सराव लोकांना खुला आहे का ते विचारून घ्या, दर वर्षी आणि दर दिवशी सारखं नसतं. रिसीव्हरांच्या बाजूला गर्दी असते, तिकडे जाऊ नका. लाइनवाल्यांच्या बाजूला कुंपणापाशी हवी तेवढी जागा मिळते. चहाचा थर्मास न्या, कानटोपी न्या. पहिली फेरी सोडून द्या, तिसरी बघा. आणि वही घेतलेला एक म्हातारा दिसला तर त्याला क्वार्टरबॅकबद्दल काही विचारू नका, तो उत्तर देणार नाही.